डाव्या बाजूचा बोल्ट

बुधवार, १८ फेब्रुवारी २०१५. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावर सुबोध देवस्थळीच्या हातातला पाना नटावरून निसटला आणि उजव्या हाताची तीन बोटं कमोडच्या भांड्यावर आपटली. मधल्या बोटाची साल निघाली. नट जागचा हलला नाही.

भिंत आणि भांडं यांच्या मधल्या वीतभर जागेत खांदा घालून सुबोध तसाच पडून राहिला. बोट तोंडात घालावं असं त्याला वाटलं, पण आपण कुठे पडलो आहोत हे आठवून त्याने ते मागे घेतलं.

सुबोध सेहेचाळीस वर्षांचा. रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअरच्या तेवीस माणसांवर मॅनेजर. पदवी पुण्याची, तीही मेकॅनिकलची. पण पाना-कानस हातात धरल्याची त्याची शेवटची आठवण वर्कशॉपच्या परीक्षेची होती, आणि त्याही दिवशी जॉब, म्हणजे घासायचा लोखंडी तुकडा, मित्राने घासून दिला होता.

प्रश्न एका बोल्टचा होता. कमोडची बैठक मागच्या बाजूने दोन बोल्टांनी भांड्याला जखडलेली असते. उजवा बोल्ट सोमवारी निघाला. डावा गंजून नटाशी एकजीव झाला होता. तो निघाल्याशिवाय जुनी बैठक निघत नव्हती, जुनी निघाल्याशिवाय नवी बसत नव्हती, आणि नवी बसल्याशिवाय सुबोधची आई हॉस्पिटलमधून घरी येऊ शकत नव्हती.

सरोजिनीबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. ८ तारखेच्या रविवारी त्या याच बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दहा तारखेला ऑपरेशन होऊन खुब्यात धातूचा गोळा बसला. आठव्या दिवशी त्या वॉकर धरून वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन येत होत्या. डॉक्टर खूश होते. फक्त तीन महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, म्हणून घरचा कमोड चार इंच उंच हवा होता. त्यासाठी मिळते ती उंच बैठक, जुन्या बैठकीच्याच भोकांतून बोल्टांनी आवळायची, सुबोधने आणून ठेवली होती. ती बसवलेली आहे असा फोटो हॉस्पिटलच्या थेरपिस्ट मिस टॅन यांना दुपारी एकच्या आत दिसायला हवा होता. एक वाजता त्यांची सुट्टी सुरू होत होती. गुरुवार-शुक्रवार चिनी नववर्ष, मग शनिवार-रविवार. त्या परत येणार सोमवारी.

सोमवारपर्यंत थांबायला तसं काय हरकत होती? हरकत अशी होती की सहा दिवस सरोजिनीबाईंना शौचाला झालं नव्हतं. झालं नव्हतं म्हणजे त्यांनी होऊ दिलं नव्हतं. पडदा ओढून कुणीतरी खाली भांडं सरकवायचं आणि बाहेर उभं राहायचं, हे त्यांना जमेना. एकदा तो कुणीतरी पुरुष निघाला, तेव्हापासून त्यांनी पाणीच तोडलं. गोळीबरोबर एक घोट, जेवणानंतर एक घोट. घरी खोलीत ठेवायची चाकाची खुर्ची, जिच्याखाली बादली असते, तीही त्यांनी साफ नाकारली. "माझं कुणी उचलायचं नाही. मी अजून मेले नाहीये." ती खुर्ची ढकलत कमोडवर न्यावी, तर दोन भिंतींच्या मध्ये तिचे पाय मावत नव्हते. आणि सुबोधच्या बेडरूमला जोडलेल्या दुसऱ्या संडासाच्या दारातून वॉकर आत जात नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता आणखी थांबता येणार नाही. घरी गेल्या तर आपोआप होईल. नाही तर गुरुवारी सकाळी एनिमा.

सरोजिनीबाईंना बाकी इंग्रजी यायचं नाही, तो शब्द मात्र कळला. डॉक्टर गेल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "मला घरच्या संडासात ने रे. पुढचं माझं मी बघते."

दहाला पाच कमी असताना फोन वाजला. सुबोधची बायको वल्लरी सकाळी आठपासून हॉस्पिटलमध्ये होती. पण तिच्या फोनवरून बोलत होत्या सरोजिनीबाई.

"काय रे, निघाला का?"

"निघतोय."

"म्हणजे नाही निघाला. तुला सायकलची चेन बसवायला बाबा लागायचे."

"आता बाबांना कुठून आणू, आई?"

"तेही खरंच. रॉकेल सोडलंस का त्याच्यावर?"

"स्प्रे मारलाय. गंज सुटायचा असतो तो."

"स्प्रे झुरळांना मारतात. गंजाला रॉकेलच लागतं."

"सिंगापुरात रॉकेल मिळत नाही."

"मग कशाला सारखं सांगतोस, इथे सगळं मिळतं म्हणून!" त्या हसल्या, आणि हसताना कळ आली असावी, कारण मध्येच थांबल्या. मग आवाज खाली गेला. "सुबोध, ती नर्स पोरगी उद्याचं काहीतरी कागदावर लिहून गेलीय. आज नेशील ना?"

"नेतो."

"बोटबीट कापून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या आणि फोन वल्लरीकडे गेला.

सुबोधने बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. सोमवारी भिंतीला धरायचे दांडे बसवायला जो माणूस आला होता, त्यानेच ही बैठकही बसवायची होती. त्याने उजवा बोल्ट काढला, डाव्याला दोनदा हिसका दिला आणि हत्यारं पिशवीत भरली. "बॉस, धिस वन डाय ऑलरेडी. आफ्टर न्यू इयर आय कम, कॅन?" सुबोधने काल सात प्लंबरांना फोन लावले. चौघांनी उचलला, आणि चौघांनीही नववर्षानंतरचीच तारीख दिली. कालपासून तो स्वतःच भिडला होता. कालपासून तो नट डावीकडे फिरवायचा प्रयत्न करत होता, आणि नट दर खेपेला आणखी घट्ट होत असल्यासारखं वाटत होतं.

सव्वादहाला क्षितिज आला.

क्षितिज साळोखे हा नवव्या मजल्यावर एका चिनी कुटुंबात खोली घेऊन राहणारा एकोणतीस वर्षांचा मुलगा, कोल्हापूरचा. युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होता. त्याचा विषय होता समुद्राच्या पाण्यात बुडालेलं पोलाद कसं गंजतं. दर रविवारी सरोजिनीबाईंच्या हातची धिरडी खायला तो वर यायचा, आणि त्यांनी एकदा विचारलं होतं, "एवढं शिकून गंज बघत बसायचं?" त्यावर तो म्हणाला होता, "काकू, जगात कुणी तरी बघायला पाहिजेच की."

तो दारात उभा राहून दोन मिनिटं नुसता पाहत राहिला.

"दादा, तुम्ही हे आवळताय."

"काय?"

"नट खाली आहे. तुम्ही वरनं हात घालून डावीकडे फिरवताय. खालनं बघितलं की तेच उजवीकडे होतंय. कालपास्नं आवळताय तुम्ही हे."

सुबोधने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मेकॅनिकल. फर्स्ट क्लास."

"म्हणूनच इतकं घट्ट बसलंय," क्षितिज म्हणाला.

दोघांनी मिळून पाना उलट्या बाजूला लावला. पण आता नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते. पाना धरेना. पक्कड लावली, तीही सरकली. वरून बोल्टचं डोकं गुळगुळीत, त्याला खाच नाही. क्षितिज फोनचा दिवा लावून फरशीवर आडवा झाला आणि त्याने नटाभोवतीचा पांढरा-हिरवा थर नखाने खरवडला.

"बोल्ट पोलादाचा, नट पितळेचा. दोन वेगळ्या धातूंना एकत्र ओलं ठेवलं की एक दुसऱ्याला खातो. पण हे नुसत्या पाण्यानं इतकं होत नाही. इथं रोज पाणी साचतंय, आणि वरनं ॲसिड येतंय. तुम्ही ॲसिड ओतता का?"

"आम्ही? नाही. बाटलीतलं ते निळं वापरतो, साधं."

"मग हे काय?" क्षितिजने हात लांब करून भांड्याच्या मागून, पाण्याच्या पाइपला अडकवलेली एक पिशवी काढली. पिशवीत जाड काळ्या अक्षरांची ॲसिडची अर्धी बाटली होती, एक जुना दात घासायचा ब्रश होता आणि रबरी हातमोज्यांचा जोड होता. मोजे धुऊन, पावडर लावून, एकात एक घालून ठेवलेले होते. पावडर लावून मोजे ठेवायची पद्धत घरात एकाच माणसाची होती.

सुबोधने वल्लरीला फोन लावला. "आई संडासात ॲसिड टाकते हे तुला माहीत होतं?"

"दर शुक्रवारी. आपण ऑफिसला गेलो की."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं. मी दोनदा बाटली फेकली, त्यांनी दोनदा नवी आणली." पलीकडे ट्रॉलीची चाकं वाजत होती. वल्लरी वॉर्डाबाहेर आली असावी, कारण आवाज मोकळा झाला. "सुबोध, तुला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"दिवाळीच्या आधी. शिरीष आणि सुचित्रा मरीन परेडहून जेवायला येणार होते. आई संडासातून बाहेर आल्या आणि तू तिथेच म्हणालास, जाऊन आल्यावर जरा नीट पाणी टाकत जा, वास येतो. लोक यायचेत."

सुबोधला आठवेना. शिरीष आल्याचं आठवत होतं, पुरणपोळी आठवत होती. हे वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच आहे हे त्याला कळलं. घाईत असताना तो तसंच बोलायचा.

"तेव्हापासून," वल्लरी म्हणाली. "जायच्या आधी एक तांब्या बैठकीवर, आल्यावर दोन तांबे सगळीकडे. शुक्रवारी ॲसिड. मी म्हटलं, आई, अहो इथलं पाणी पुण्याच्या बोअरचं नाही, डाग पडत नाहीत. तर म्हणाल्या, डागाचं नाही गं, सुबोधला वास येतो."

गेले तीन-चार महिने फरशी सतत ओली का असते, असं सुबोध चिडून विचारत होता. कुणी उत्तर दिलं नव्हतं. त्या ओल्या फरशीवर आई पडली होती.

"ठेवतो," तो म्हणाला.

क्षितिज पिशवी हातात घेऊन उभा होता. त्याने ऐकलं होतं सगळं, आणि न ऐकल्यासारखं केलं. "कापावं लागेल, दादा," तो म्हणाला. "फिरवून निघायचं नाही हे आता. हॅक्सॉचं नुसतं पातं पाहिजे. बैठकीच्या आणि भांड्याच्या मध्ये सरकवून बोल्ट कापायचा."

घड्याळात दहा सत्तेचाळीस झाले होते.

शेजारच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर हार्डवेअरचं दुकान होतं. शटर अर्धं खाली, वर नववर्षाची लाल पट्टी चिकटवलेली. आत म्हातारा मालक बनियनवर खोकी रचत होता. सुबोध वाकून आत शिरला.

"क्लोज ऑलरेडी," म्हातारा पाठ न वळवता म्हणाला.

"अंकल, हॅक्सॉ ब्लेड. ओन्ली ब्लेड."

"मंडे."

"टॉयलेट सीट बोल्ट स्टक. माय मदर, टुडे कम होम फ्रॉम हॉस्पिटल. नो सीट, कॅनॉट कम."

म्हातारा वळला. त्याने सुबोधच्या बोटाची पट्टी पाहिली, शर्टावर लागलेला गंज पाहिला. "युवर मदर हाऊ ओल्ड?"

"सेव्हंटी थ्री."

"यंग लाह," म्हातारा म्हणाला. तो बहुधा त्याहून मोठाच होता. त्याने ड्रॉवरमधून दोन पाती काढली. "टेक टू. वन शुअर ब्रेक." मग स्वतःच्या हातावर चिकटपट्टी गुंडाळल्याची खूण करून दाखवली, म्हणजे पात्याचं एक टोक गुंडाळून मूठ करायची. पैसे घेताना त्याने सुबोधची बोटं धरून ठेवली. "दॅट टॉयलेट बोल लाइक राइस बोल, यू नो. स्लो, स्लो—" आणि तो शब्द तिसऱ्यांदा न म्हणता त्याने नुसता तळहात हवेत खालीवर, सावकाश हलवला, भांडं भाताच्या वाटीसारखं तडकू नये म्हणून.

अकरा दहाला पहिला घासा बसला. भांड्यावर क्षितिजने पुठ्ठा आणि त्यावर चिकटपट्टीचे तीन थर लावले होते, पातं घसरलं तर चिनी मातीला लागू नये म्हणून. हात मागेपुढे न्यायला चार बोटांची जागा. त्या जागेत पातं धरून सुबोध गुडघ्यांवर बसला आणि घासू लागला. दर वीस घाशांनंतर क्षितिज थेंबभर तेल सोडायचा. पहिली दहा मिनिटं बोल्टवर फक्त एक चकचकीत रेघ दिसत होती.

"द्या माझ्याकडं."

"नको."

"दादा, दमलाय तुम्ही."

"मला करू दे रे."

क्षितिजने पुन्हा मागितलं नाही. बाजूला उकिडवा बसून तो बोलत राहिला. आपल्या प्रयोगशाळेत पोलादाच्या दोनशे पट्ट्या खाऱ्या पाण्यात लटकवल्या आहेत, प्रोफेसर दर सोमवारी त्यांची वजनं मागतात, आणि आईला कोल्हापुरात अजून वाटतं की पोरगा जहाजावर आहे. सुबोध हं हं करत होता. त्याचं लक्ष पात्याच्या आवाजाकडे होतं.

साडेअकराला वल्लरीचा निरोप आला: मिस टॅन विचारून गेल्या. पावणेबाराला पहिलं पातं मोडलं. "वन शुअर ब्रेक," सुबोध म्हणाला आणि दुसऱ्याला पट्टी गुंडाळली. बारा वाजता बोल्ट निम्म्याहून जास्त कापला गेला होता. बारा दहाला क्षितिज दिवा धरून म्हणाला, "दोन मिलिमीटर राहिला असेल."

दोन मिलिमीटर म्हणजे त्या वेगाने आणखी दहा मिनिटं. सुबोधने घड्याळ पाहिलं. नवी बैठक बसवायला वीस मिनिटं, वॉशर, आवळणं, फोटो. त्याने पातं खाली ठेवलं, मोठा स्क्रूड्रायव्हर बैठकीखाली घातला आणि वर उचकटला.

"दादा, थांबा—"

टक.

दोन आवाज होते की एक, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही. बैठक सुबोधच्या हातात आली. कापलेल्या बोल्टचा खालचा तुकडा नटासकट फरशीवर पडून घरंगळत जाऊन मोरीच्या जाळीवर थांबला.

"आला!" सुबोध म्हणाला. "आला रे, आला." तो हसत होता, आणि हसता हसता त्याने भांड्याची कड ओल्या फडक्याने पुसली. पुसल्यावर डाव्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे जाणारी एक रेघ दिसली. केसाएवढी.

दोघंही वाकले.

"ओरखडा असेल," सुबोध म्हणाला. "पात्याचा."

"पातं तिकडं गेलंच नाही."

"मग जुनी असेल. ॲसिडची."

"असेल," क्षितिज म्हणाला. मग रेघेवरून नख फिरवून विचारलं, "हळद आहे का?"

"आता हळद कशाला?"

"लॅबमध्ये चीर बघायला रंग लावतात. पातळ रंग चिरेत उतरतो. वरचा पुसला की आतला राहतो. ओरखडा असला तर पुसून जाईल. इथं रंग कुठला आणू? हळद चालंल. दहा मिनिटं ठेवायची."

स्वयंपाकघरात सरोजिनीबाईंच्या डब्यात पुण्याहून आणलेली हळद होती. क्षितिजने पाण्यात कालवून त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला, म्हणजे ती चांगली उतरते, आणि रेघेवर व कडेच्या खालच्या अंगाला बोटाने लेप दिला. कमोडला हळद लागली. एरवी यावर आईने काय म्हटलं असतं हे सुबोधला माहीत होतं, पण आत्ता त्याने घड्याळाकडे पाहिलं. बारा एकोणीस.

दहा मिनिटं नुसतं थांबणं त्याला शक्य नव्हतं. त्याने नवी बैठक उचलली, नवे बोल्ट भोकांत घातले, रबरी वॉशर लावले आणि नट हाताने फिरवले. या वेळी त्याने फरशीवर झोपून खालून पाहिलं. बैठकीची मागची पट्टी डाव्या भोकावर आली आणि तिच्याखाली रेघेचा निम्मा भाग झाकला गेला. बाहेरचा निम्मा हळदीखाली होता.

बारा एकेचाळीसला त्याने समोरून फोटो काढला. पांढरी, उंच, भक्कम बैठक, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. हळदीचा लेप डाव्या मागच्या कोपऱ्यात होता. फोटोत तो येत नव्हता. तो येऊ नये अशा बेताने आपण फोन धरला होता का, हे सुबोधने त्या क्षणी स्वतःला विचारलं नाही. फोटो वल्लरीला गेला, मिस टॅनना गेला.

तीन मिनिटांत मिस टॅनचा निरोप आला: छान. कुणीतरी बसून, थोडं डावी-उजवीकडे हलून, व्हिडिओ पाठवा.

सुबोध बसला. त्याचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, आईचं बावन्न. पँट घालून, दोन्ही हात दांड्यांवर ठेवून तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. क्षितिजने चित्रण केलं. काही वाजलं नाही. व्हिडिओ गेला.

बारा एकावन्नला वल्लरीचा फोन आला. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की क्षितिजलाही ऐकू येत होतं.

"मिस टॅन हो म्हणाल्या! घरी सोडायचा कागद डॉक्टरांच्या सहीसाठी पाठवलाय. आणि ऐक, मी आईंना फोटो दाखवला. त्यांनी फोन जवळ घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, सिंहासनच केलंन की. आणि नर्सला हाक मारून पाणी मागितलं. पूर्ण ग्लास, सुबोध. घटाघटा प्यायल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा."

"हो का," सुबोध म्हणाला.

"हो का काय? तू बसवलीस ना?"

"बसवली."

क्षितिज खाली बसून ओल्या फडक्याने हळद पुसत होता. एकदा पुसली, फडकं धुतलं, पुन्हा पुसली, कोरड्या कापसाने पुसली. मग त्याने दिवा जवळ नेला आणि सुबोधकडे न पाहता बाजूला सरकला.

पांढऱ्या चिनी मातीवर पिवळी रेघ राहिली होती. बैठकीच्या पट्टीखालून निघून बाहेरच्या कडेपर्यंत, करंगळीएवढी.

"वल्लरी, थांब जरा," सुबोध म्हणाला आणि फोन छातीशी धरला. "खाली?"

"खालच्या अंगाला काही नाही. वर आहे, खाली दिसत नाही. म्हणजे आरपार असेलच असं नाही."

"म्हणजे नाही?"

"नसेलच असंही नाही. अर्धा तास कमी पडला असेल, हळद जाड पडली असेल. मला नाही सांगता यायचं, दादा. खोटं कशाला सांगू?"

"मी बसलो ना त्याच्यावर. अठ्ठ्याहत्तर किलो."

"एकदा बसलात."

सुबोध बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला. चिनी माती फुटली की तिची धार सुरीसारखी असते. ते सगळ्यांनाच माहीत असतं. आईने दांडा धरून, नवा खुबा सांभाळत, तीन महिने रोज त्यावर बसायचं होतं. आणि ती दार लावून घेणार होती. कुणी बाहेर उभं राहिलेलं तिला चालणार नव्हतं.

सांगितलं नाही, तर ती दोन तासांत घरी येणार होती. सांगितलं, तर सोमवार. आणि उद्या सकाळी तो एनिमा. मध्ये एक ग्लासभर पाणी तिच्या पोटात गेलं होतं, त्याच्या शब्दावर.

त्याने फोन पुन्हा कानाला लावला. "भांड्याला एक चीर दिसतेय. डाव्या बोल्टपाशी. मी उचकटलं तेव्हा गेली असेल."



"आता सांगतोस?" वल्लरी म्हणाली. मग हळू, "किती मोठी?"

"करंगळीएवढी. खोल आहे की नाही, कळत नाही."

"त्या पोरीने एका मिनिटापूर्वी पिशव्या भरायला घेतल्या आहेत. आई चपला मागतायत."

"मी मिस टॅनना लिहितो."

"लिही," ती म्हणाली. "मी आत्ताच आईंना काही सांगत नाही."

त्याने या वेळी फोटो वरून घेतला. पिवळी रेघ स्पष्ट यावी म्हणून क्षितिजने बाजूला दिवा धरला. खाली सुबोधने इंग्रजीत लिहिलं: पहिल्या फोटोत ही दिसत नव्हती. बोल्ट काढताना माझ्या हातून झालं असावं. एकदा माझं वजन पेललं आहे. पुढचं मला सांगता येत नाही. बारा अठ्ठावन्नला त्याने पाठवलं.

एक वाजून चार मिनिटांनी खुणा निळ्या झाल्या. एक वाजून सहा मिनिटांनी उत्तर आलं: सांगितल्याबद्दल आभार. मी डॉक्टरांना विचारेपर्यंत कुणीही बसू नका.

क्षितिजने फरशी कोरडी पुसली, पात्याचे तुकडे कागदात गुंडाळले आणि विचारलं, "चहा टाकू?" सुबोधने मान हलवली. ती हो होती की नाही हे न कळून क्षितिजने चहा टाकला.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी वल्लरीचा निरोप आला. मिस टॅन पर्स खांद्याला अडकवून पुन्हा वॉर्डात आल्या आहेत आणि डॉक्टरांशी फोनवर बोलत आहेत. आईंनी पाण्याचा दुसरा ग्लास मागितला, मी अडवलं नाही. कागद नर्सच्या टेबलावर आहे. त्यावर अजून सही नाही.